हाकेचं गाव

८ जून

भोंग्या,

नावाआधी 'प्रिय' नाही, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून मुद्दाम सांगते. शाई संपलेली नाही.

तुझं पुस्तक मिळालं. तू पाठवलं नाहीस, आरोग्य कार्यालयाने पाठवलं, सोबत एक आदेश जोडून. आदेशाकडे येतेच, आधी पुस्तकाबद्दल बोलते. 'आपला डोंगरी जिल्हा : भूगोल आणि लोक.' भूगोल असेल बाबा, पण लोक कुठले घेतलेस? 'येथील हवा वर्षभर आल्हाददायक असते.' ऐन थंडीत नळातलं पाणी दगड होतं तेव्हा तू इथे शेवटचा कधी होतास? 'येथील लोक काटक, सोशिक आणि आनंदी आहेत.' कोणाला विचारलंस? माझ्याकडे पाठ धरून येणाऱ्या बायकांपैकी एकीनेही आजवर 'सिस्टर, मी फार आनंदी आहे हो' असं म्हटलेलं नाही. सोशिक म्हणशील तर आहेत. मी त्यांना तुझं हे पान वाचून दाखवलं आणि कोणी तुला शिवी दिली नाही.

बाबांनाही वाचून दाखवलं. म्हणजे ओरडून दाखवलं, कारण आता त्यांच्या कानाशी तोंड नेल्याशिवाय काही पोचत नाही. 'खेचर हा येथील प्रमुख मालवाहू प्राणी होय' इथे त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, "प्राणी काय प्राणी? आपल्या तिन्ही खेचरांची नावं का नाही घातली त्याने?" जन्मभर खेचरं हाकलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार! तरी पुस्तक उशाशी घेऊन झोपतात. त्यावरून तू भलतं काही समजू नकोस.

आभाराच्या पानावर तुझी बायको आहे, छापखानेवाला आहे, तुझे विभागप्रमुख तर दोनदा आहेत. आणि पावसाच्या आकड्यांसाठी 'एका स्थानिक रहिवाशाचे' आभार आहेत. रहिवासी! दवाखान्यामागे भर पावसात वाकून पर्जन्यमापक बघणारी आणि दर महिन्याला तुला आकडे कळवणारी ती मी. आख्खी वाडी मला सिस्टर म्हणते, बाबांच्या वयाचे म्हातारेसुद्धा. आणि ज्याची मी खरोखरची सिस्टर, त्याने मला रहिवासी करून टाकलं.

असो. मी रागावले आहे ती यासाठी नाही. यासाठीही रागावले आहे, पण मुख्य राग वेगळा आहे.

आपल्या वाडीबद्दल तू लिहिलंस : 'ही वाडी व समोरचे गाव एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर वसलेली आहेत.' आता आदेश वाच. 'सदर दोन्ही वस्त्या हाकेच्या अंतरावर असल्याने दोन स्वतंत्र दवाखान्यांची आवश्यकता दिसून येत नाही.' खाली संदर्भ म्हणून तुझं नाव आणि पान. पावसाळा संपला की माझा दवाखाना बंद. खाट आणि औषधांचं कपाट समोरच्या गावात जाणार, कारण तिथपर्यंत गाडीरस्ता आहे.

मधल्या दरीचं काय झालं रे? ती तुझ्या पुस्तकात कुठे गेली? समोरच्या गावातले दोरीवरचे कपडे इथून दिसतात, पण तिथे जायचं तर ओढ्यापर्यंत उतरायचं, पूल ओलांडायचा आणि तेवढंच पुन्हा चढायचं. सकाळी निघालेला धडधाकट माणूस दुपारी पोचतो. पावसाळ्यात पूल काढून ठेवतात, मग खिंडीतून वळसा घालावा लागतो आणि पोचेपर्यंत दिवस जातो. हे धडधाकट माणसाचं झालं. माझ्याकडे धडधाकट माणसं येत नाहीत.

कार्यालयाला लिहून कळव की ते वाक्य चुकलं आहे. एवढंच काम आहे. तुझ्यासारख्या लिहित्या माणसाला ते जड जाऊ नये.

तुझी,
स्थानिक रहिवासी

२ जुलै

आदरणीय प्राध्यापक महोदय,

तुमचं टाईप केलेलं पत्र पावलं. खाली सहीसुद्धा पूर्ण नावाची केलीत, आता तुमचे शिपाई आणि तुमची बहीण एका रांगेत उभे राहिले.

तुझं म्हणणं असं की ते वाक्य चूक नाहीच. आपण लहानपणापासून समोरच्या गावाला 'हाकेचं गाव'च म्हणत आलो. तू म्हणे ते आपुलकीने लिहिलंस, आपल्या बोलीतला शब्द पुस्तकात यावा म्हणून.

आपुलकीने! वा रे आपुलकी!

भोंग्या, आपण 'हाकेचं गाव' कशाला म्हणायचो? जिथे आवाज जातो आणि माणूस जात नाही त्याला. वरच्या कड्यावरून दिसणारी वस्ती 'डोळ्याचं गाव', दरीपलीकडची 'हाकेचं गाव' आणि जिथे खरंच जाता येतं ते 'पायाचं गाव'. बाबांनी शिकवलं होतं, खेचरावर बसवून. हाकेचं गाव म्हणजे लांबचं गाव. लग्न जमवताना बायका अजून म्हणतात, "मुलगी हाकेच्या गावात नको गं, बोलणं होईल पण भेट होणार नाही."

आणि तू राहतोस त्या शहरात हाकेच्या अंतरावर म्हणजे काय? चप्पल न घालता काडेपेटी आणायला जाता येईल इतकं जवळ. कार्यालयातल्या साहेबाने तेच वाचलं. त्या बिचाऱ्याला मी दोष देत नाही. त्याने दरी पाहिलेली नाही आणि तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. पण हे दोन्ही अर्थ ठाऊक असलेला माणूस या आख्ख्या जिल्ह्यात एकच आहे आणि नेमकं त्यानेच पुस्तक लिहावं! परका माणूस असता तर साधं 'लांब' लिहून मोकळा झाला असता. ही चूक करायला आपल्याच वाडीचा माणूस लागतो, तोही इथून गेलेला.

दुसऱ्या आवृत्तीत तळटीप देतो म्हणतोस. छान. दुसरी आवृत्ती निघेपर्यंत कोणी आजारी पडायचं नाही, असं मी वाडीत सांगून ठेवते.

कार्यालयाला लिहिलं तर 'पुस्तकाच्या विश्वासार्हतेवर प्रश्न येईल' हे वाक्य मी परत परत वाचलं. मग कागद बाजूला ठेवून एका पोराच्या डोक्याला टाके घातले. ते काम त्या वाक्यापेक्षा सोपं होतं.

बाबांची तब्येत विचारली आहेस. बाबा बरे आहेत. पत्राने विचारलंस तर पत्राने एवढंच कळेल.

सिस्टर
(सगळ्यांची)

२९ जुलै

पाऊस लागून राहिला आहे. घरांच्या खालची पायवाट दरडीबरोबर गेली. पत्र खेचरवाल्याबरोबर खिंडीतून पाठवते आहे, तेव्हा पोचेल तेव्हा पोचेल.

तू लिहिलंस, 'यात आईला मध्ये आणू नकोस.' मी आईचं नावही काढलं नव्हतं. माझी दोन्ही पत्रं पुन्हा वाच. आईला मध्ये तू आणलंस, आणि आणलीच आहेस तर आता बोलू.

आई उभ्या उतारावर गवत कापताना घसरली आणि पोट दगडावर आपटलं. तिला घरी आणलं तेव्हा ती बोलत होती. तेव्हा इथे दवाखाना नव्हता, समोरच्या गावात एक कंपाउंडर नवीनच आला होता. वाडीत सगळ्यात मोठा आवाज तुझा. लग्न असो, मयत असो, हरवलेली म्हैस असो, समोर कळवायचं तर तुलाच कड्यावर उभं करायचे. म्हणून तर भोंगा. तू हाक मारलीस, काय झालं ते सांगितलंस, आणि कंपाउंडर तिकडून ओरडला, "पाणी देऊ नका!"

दरी शेपूट खाते, हे इथलं शेंबडं पोरही जाणतं. वाऱ्यावर शेवटचा शब्द गळून पडतो. म्हणून आपण 'नको' आधी म्हणतो. नको, नको, पाणी नको. कंपाउंडर बाहेरचा होता, त्याने शिकल्यासवरल्या माणसासारखं 'नका' शेवटी ठेवलं. आपल्यापर्यंत आलं ते फक्त "पाणी देऊ". तू वळून आम्हाला सांगितलंस, "पाणी द्यायला सांगितलंय." आणि पाणी मी पाजलं. तांब्या माझ्या हातात होता, भोंग्या. मी नाही गेले गाव सोडून.

त्या दिवसापासून तू कड्यावर उभा राहिला नाहीस. कोणी सांगितलं तरी नाही. मग शाळेसाठी गेलास, मग कॉलेजसाठी, मग परत न येण्यासाठी.

नर्सिंगचं शिकून आल्याआल्या मी तुला शहरात येऊन समोर बसवून सांगितलं होतं. आईच्या पोटात रक्त जात होतं. त्या घोटभर पाण्याने ती गेली नाही आणि पाणी न देऊन वाचलीही नसती. वाचली असती ती फक्त कोणी वेळेवर तिच्यापर्यंत पोचलं असतं तर. कंपाउंडर निघाला होता, तो पोचला तेव्हा बाबा सरणासाठी लाकडं फोडत होते. आई अंतराने गेली. तू ऐकून घेतलंस, मान हलवलीस, आणि पुन्हा आपलं तेच तोंड करून बसलास. तुला गुन्हेगार व्हायची हौसच आहे. गुन्हेगार असलं की घरी यावं लागत नाही.

तुझ्या त्या दुःखाला मी आजवर हात लावला नाही, कारण ते तुझं होतं. पण आता तू कागदावर ते अंतरच पुसून टाकलंस. जे अंतर आईला नडलं, ते तू एका वाक्यात 'जवळ' करून कार्यालयाच्या हातात दिलंस. हा दवाखाना इथे का आला, कोणी खेटे घालून आणला, त्यासाठीचं पहिलं पत्र कोणत्या बाईच्या नावाने लिहिलं गेलं, हे तुला माहीत आहे. मला तू विसरलास तरी चालेल. पण तिला तू पुन्हा दरीपलीकडे नेऊन ठेवतो आहेस.

कार्यालयाला लिही.

तुझी बहीण, तुझी इच्छा असो वा नसो

४ सप्टेंबर

भोंग्या,

कार्यालयाचं पत्र आलं. माझ्या अर्जांना कंटाळून ते प्रत्यक्ष पाहणीला येणार आहेत. वाचून मला बरं वाटलं, मग पुढचं वाचलं. पाहणी समोरच्या गावातून होणार, कारण गाडी तिथपर्यंत येते. दरीच्या काठावर उभं राहून साहेब अंतर बघणार. आणि तज्ज्ञ म्हणून सोबत कोण, तर तू.

इतकी वर्षं बाबांना भेटायला वेळ झाला नाही, सरकारी गाडीत जागा मिळाल्यावर झाला. ये. पण समोर उभा राहून मला हात करू नकोस. ज्याला हे अंतर मोजायचं आहे त्याने ते चालून मोजावं, एवढं तू तुझ्या साहेबाला सांग. सांगवणार नाही तुझ्याने, ठाऊक आहे.

वाडीची आमची आमची तयारी झाली आहे. काय ते तुला तिथे उभं राहिल्यावर कळेल. कान मात्र उघडे ठेव.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. त्यांना ऐकू येत नाही तेच बरं.

सिस्टर

२० सप्टेंबर, दुपार

भोंग्या,

काल तू समोरून पाहिलंस ते अर्धंच होतं. इकडचं अर्धं मी सांगते.

मी वाडीला बजावून ठेवलं होतं, समोरून कोणीही हाक मारली तरी उत्तर द्यायचं नाही. हाकेच्या अंतरावर म्हणजे हाकेला ओ यायला हवी ना? ओ आलीच नाही तर कसलं हाकेचं अंतर? तुझ्याच शब्दात तुला पकडायचं, असा माझा डाव. बायकांना फार आवडला. गवतवाली काकू, जी समोर कोणी शिंकलं तरी "या चहाला" म्हणून ओरडते, तिने तोंडात पदर कोंबून घेतला. कुत्रीसुद्धा आत बांधली होती.

तुमची गाडी आली. पांढऱ्या शर्टातला साहेब ओरडला, आम्ही गप्प. ड्रायव्हर ओरडला, गप्प. समोरच्या गावातले दोघं ओरडले, आम्ही ओट्यावर बसून शेंगा निवडत होतो. साहेब कागदावर काहीतरी लिहायला लागला आणि मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग तू काठावर आलास. तू ओरडशील असं मला वाटलंच नव्हतं, देवाशप्पथ. इतक्या वर्षांत तू लग्नाच्या मांडवातसुद्धा आवाज चढवलेला मला आठवत नाही. तू दोन्ही हात तोंडाशी नेलेस आणि हाक मारलीस. "ताई" म्हणून. तोच आवाज, जाडा झालेला. मी दात आवळून बसले. मला ऐकू आलं होतं आणि ऐकू आलं हे तुलाही कळलं होतं. मी शेंगा निवडत राहिले.

पण बाबा उठले. आमचं कानाशी ओरडलेलंही ज्यांना धड ऐकू येत नाही, ते बाबा. काठी टाकून ओट्याच्या टोकाशी गेले आणि ओरडले, "आलो रे, भोंग्या!" आणि निघाले की खाली. पायवाट दरडीत गेली आहे हे त्यांना शंभरदा सांगितलं होतं. मी धावेपर्यंत ते घसरून खालच्या बांधावर जाऊन पडले होते.

पुढे काय झालं ते तू पाहिलंस. मी त्यांच्यापाशी पोचले, नडगीचं हाड हाताला लागलं, आणि तू तिकडून गळा फाडून विचारत होतास. माझा डाव बाबांनी मोडलाच होता, उरलेला मी मोडला. ओरडले, "नाही! नाही! जिवावर नाही! पाय मोडलाय!" शेपूट गेलं असेल. पण 'नाही' पोचलं ना? मला ते तुझ्या उभं राहण्यावरून कळलं.

तुझा साहेब काय म्हणाला, ते रात्री तूच झोपलेल्या बाबांपाशी बसून त्यांना सांगत होतास. "बघा, किती स्वच्छ ऐकू येतं! हे तर अगदीच समोर आहे." आणि तू निघालास तेव्हा म्हणाला, "जाऊन या, आम्ही गाडीत थांबतो." किती वेळ थांबला ते त्याला जरूर विचार. तू खिंडीतून अंधारात पोचलास, बूट हातात घेऊन, पायांना जळवा, टाचांचं सालटं निघालेलं. बाबांच्या पायाला तोवर फळी बांधून झाली होती, दुखायचं औषध देऊन झालं होतं, ते झोपेत हसत होते. दवाखाना इथे असला की असं होतं. तुझ्या टाचा मी धुतल्या, मलम लावलं, आणि तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. पेशंटशी जेवढं बोलावं लागतं तेवढंच बोलले.

रात्री खिंडीत मुक्काम करून आज सकाळी खेचरवाला सांगत आला की साहेबाने समोरच्या गावात बसूनच अहवाल लिहिला. त्यात 'हाकेस तात्काळ प्रतिसाद मिळाला' असं आहे. बाबांची ओ गेली सरकारी कागदात. खेचरवाला थांबला आहे, मी त्याला सोडलेलं नाही. संध्याकाळी तो खिंडीतून जाईल आणि जो कागद देऊ तो घेऊन जाईल.

दुपार कलायला आली, तू अजून झोपला आहेस. मी दवाखान्याच्या टेबलाशी बसून हे लिहिते आहे, तू भिंतीपलीकडे, आमच्या एकुलत्या एका खाटेवर. आदेशाप्रमाणे ती खाट आता समोरच्या गावाची आहे, तेव्हा फार पसरू नकोस. तुझं घोरणं इथपर्यंत येतं. हे आपल्यातलं अंतर मात्र तुझ्या पुस्तकातल्यासारखं आहे. नुसतं "ए" म्हटलं तरी तू उठशील. मी म्हणणार नाही. मी तुला माफ केलेलं नाही, आणि बाबांसाठी तू चालत आलास म्हणून आमच्यात सगळं गोड झालं असं शहरात जाऊन बायकोला सांगू नकोस.

हे पत्र तुझ्या उशाशी ठेवते आहे. त्याखाली कोरे कागद आहेत आणि माझं पेन. खेचरवाला जाण्याआधी कार्यालयाला लिही. 'आपुलकी' नको, तळटीप नको, तुझं ते 'विश्वासार्हता' तर मुळीच नको. तू काल जे पायांनी मोजलंस ते लिही, टाचा साक्षीला आहेत. आणि एक सांभाळ. इथून साहेबाच्या टेबलापर्यंतसुद्धा दरीच आहे. कागद या हातातून त्या हातात जातील, कोणी पहिली ओळ वाचेल, शेवटपर्यंत कोणी जाणार नाही.

'नको' आधी लिही.

ताई